पायांवरून

ओपावाच्या रंगमंचाला पुढच्या कडेशी एक भोक होतं,
प्रेक्षकांच्या बाजूनं शिंपल्यासारखं झाकलेलं.
त्यात मी. एकतीस वर्षं.
गुडघ्यांवर शाल, पुढ्यात संहिता, पंचवीसचा दिवा,
आणि नजरेच्या उंचीवर
ब्लाझेना स्तुख्लिकोवाचे पाय.

चेहरा तुम्ही पाहिलात.
मी तिला ओळखते ती टाचेवरून.

पहिल्यांदा आली ती मुलाच्या बुटांत:
राजाचा निरोप्या, दोन ओळी, लवून नमस्कार.
बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.
आई बिस्किटांच्या कारखान्यात,
म्हणून कापसालाही व्हॅनिलाचा वास.
बाप क्रनोवच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलायचा.
"मी दुसरं काय करते," ती म्हणायची,
"गाडी तीच, रूळ वेगळे."

मंगळवारी चेटकीण, डावा पाय ओढत.
बुधवारी मोलकरीण, अनवाणी, टाचांना खोटी माती.
शनिवारी ऑपेरेट्टातली सरदारीण,
गिरकीसरशी फळ्यांमधली सगळी धूळ माझ्या नाकात.
रविवारी सकाळी मुलांसाठी बेडूक:
हिरवे रबरी पंजे, आणि त्या पंजांवर उभं राहून
असा स्वच्छ षड्ज, की मागच्या रांगेतलं एक पोर
बेडकावर विश्वास ठेवून रडलं.

जर्मन गायली, इटालियन गायली,
रशियन तर तेव्हा गावंच लागे.
पण आमच्या भाषेतला तो एक 'र',
जिभेवर करवत फिरल्यासारखा,
त्याचा तुषार थेट माझ्या पानावर.
डाग पडलेली कितीतरी पानं आहेत.
पुसली नाहीत.

अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी. तापानं अर्धी मंडळी आडवी.
त्या रात्री धाकटी बहीण ती, सावत्र आई ती,
आणि पडद्यामागून गाणारा पक्षीही तीच.
दुसऱ्या अंकात नाडी बांधायच्या मिषानं वाकली:
"आत्ता मी कोण?"
"सावत्र आई," मी म्हटलं, "रागावलेली."
उठली तेव्हा पायाची बोटंसुद्धा रागावलेली होती.

मग प्रागहून बोलावणं. कोट उसना, बूट स्वतःचे.
टेबलामागच्या चौघांतला एक चष्मा पुसत म्हणाला,
"हरहुन्नरी आहात."
उष्टी बशी बाजूला सरकवावी
तसा सरकवला त्यानं तो शब्द.

परत आली, तर कपडेपटातली कुणीशी पुटपुटली,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
ब्लाझेनानं ऐकलं. ढिगातली एक चिंधी उचलली,
बूट पुसले,
तालमीला गेली.

रडली का कधी, मला ठाऊक नाही.
पायांवरून तेवढं कळत नाही.

आता ती चौऱ्याऐंशीची, मी एक्याऐंशीची.
दर गुरुवारी ट्रॉलीबसनं जाते तिच्याकडे,
खसखशीचा केक मांडीवर सांभाळत.
लोकरीच्या सपाता, एकीतून अंगठा बाहेर.
भिंतीवर एकही फोटो नाही. विचारलं तर म्हणते,
कुणाचा लावू?

शब्द निसटतात तिचे. किटली. गुरुवार.
परवा तर माझं नाव.
मी जुन्या सवयीनं कुजबुजते,
ओठ जेमतेम हलवत, श्वासावर ठेवून.
तिला ऐकू येत नाही.
"मोठ्यानं," ती म्हणते, "अगं मोठ्यानं,
इथे कोण तिकीट काढून बसलंय?"

मग एकतीस वर्षं ज्याला बंदी होती
तो आवाज मी काढते.
गंजलेला. माझा मलाच अनोळखी.
"किटली!"

शेजारी भिंतीवर ठोकतो.
ती मान तिरकी करून ऐकते, डोळे मिटून,
मी प्रवेश-परीक्षेला आले असल्यासारखी.

"अर्धा सूर उतरलीस,"
ती म्हणते, आणि चहाला पाणी ठेवते.